जिवंत बहुवारिकांचे जनक : मायकेल श्वार्त्स

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत टायर तयार होतात. वाहनांना लागणारे रबराचे आणि प्लास्टिकचे असंख्य सुटे भाग तिथल्या लहानमोठ्या कारखान्यांतून बाहेर पडतात. छत्रपती संभाजीनगरच्या अर्थकारणाला आधार देणाऱ्या या पदार्थांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे पॉलिमर अर्थात बहुवारिक. हजारो लहान रेणू एकमेकांत गुंफून तयार झालेली ही लांबच लांब साखळी असते. ही साखळी हवी तेवढ्याच लांबीची आणि हव्या त्याच रचनेची करता येते, हे जगाला दाखवून देणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव मायकेल श्वार्त्स.

श्वार्त्स यांचा जन्म ९ जून १९०९ रोजी बेंजिन या पोलिश गावी झाला. तेव्हा हा प्रदेश रशियन साम्राज्यात होता. वॉर्साच्या तंत्रशिक्षण संस्थेतून १९३२ मध्ये त्यांनी रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. ज्यू कुटुंबातील या तरुणाने १९३५ मध्ये मायदेश सोडून पॅलेस्टाईन गाठले. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातून १९४२ मध्ये त्यांना सेंद्रिय रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळाली. मात्र तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. १९४५ मध्ये ते इंग्लंडमधील मँचेस्टरला गेले आणि मायकेल पोलान्यी यांच्या हाताखाली भौतिक रसायनशास्त्राची दुसरी डॉक्टरेट त्यांनी मिळवली.

रेणूतील बंध तोडायला किती ऊर्जा लागते, हा त्यांच्या तेथील संशोधनाचा विषय होता. पॅराझायलीनची वाफ अतिशय तापवली असता नळीच्या थंड भागावर एक पातळ पापुद्रा साचलेला त्यांना दिसला. दुसऱ्या एखाद्याने तो खरवडून नळी धुऊन टाकली असती. श्वार्त्स यांनी मात्र त्याचा छडा लावला आणि १९४७ मध्ये एक नवे बहुवारिक हाती आले. पॅरिलीन या नावाने ओळखले जाणारे त्या जातीचे लेप पुढे इलेक्ट्रॉनिक उपकरणांना आणि शरीरात बसवल्या जाणाऱ्या वैद्यकीय साधनांना संरक्षण देऊ लागले.

१९५२ मध्ये ते अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूस येथे वनविद्या महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा शोध येथेच लागला. त्याचे निमित्तही असेच अनपेक्षित होते. सॅम्युएल वाइसमन हे शास्त्रज्ञ एका रेणूकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन कसा जातो याचा अभ्यास करीत होते. स्टायरीन वापरले की त्याचे बहुवारिक होऊन जाई आणि अपेक्षित मोजमाप करता येत नसे. वाइसमन यांच्या दृष्टीने ही अडचण होती. श्वार्त्स यांना तीच वाट वाटली.

नेहमीच्या पद्धतीत वाढत्या साखळ्यांची टोके मुक्तमूलक असतात. अशी दोन टोके भेटली की एकमेकांना जोडली जातात आणि वाढ तिथेच खुंटते. परिणामी काही साखळ्या आखूड राहतात, तर काही लांब होतात. श्वार्त्स यांनी सोडियमचा इलेक्ट्रॉन नॅप्थॅलीनला दिला. कपड्यांच्या कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्या याच नॅप्थॅलीनच्या असतात. त्यातून तयार झालेल्या हिरव्या द्रावणात स्टायरीन मिसळताच ते लालभडक झाले. आता साखळीच्या टोकांवर ऋणभार होता. सारखे भार परस्परांना दूर सारतात, त्यामुळे दोन टोके जुळण्याचा प्रश्नच उरला नाही. पाणी आणि हवा यांचा अंशही आत शिरू दिला नाही, तर ही टोके मरत नसत. सारे स्टायरीन संपल्यावरही लाल रंग कायम राही. आणखी स्टायरीन घातले की साखळ्या पुन्हा वाढू लागत. दुसरा पदार्थ घातला, तर त्याच साखळीला त्याचा पट्टा जोडला जाई.

राल्फ मिल्कोविच आणि मोशे लेव्ही या सहकाऱ्यांसह त्यांनी १९५६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध केले आणि या रेणूंना जिवंत बहुवारिके असे नाव दिले. कार्ल त्सिग्लर यांच्यासारख्या संशोधकांना अशा अभिक्रियांची चाहूल आधीच लागली होती. मात्र साखळीला मरण नाही याचा अर्थ नेमका काय, हे श्वार्त्स यांनी उलगडले. एकवारिक आणि आरंभक यांचे प्रमाण ठरवले की साखळीची लांबी ठरते, हे हाती आल्यामुळे बहुवारिकांची मोजूनमापून रचना करणे शक्य झाले.

मिल्कोविच पुढे शेल कंपनीत गेले. स्टायरीन, ब्युटाडाईन आणि पुन्हा स्टायरीन असे तीन पट्टे असलेले रबर तेथे विकसित झाले. ते तापवल्यावर वितळते आणि थंड झाल्यावर रबरासारखे ताणले जाते. बुटांचे तळ, चिकटद्रव्ये आणि रस्त्यांचे सुधारित डांबर यांत ते आज वापरले जाते. इंधन वाचवणाऱ्या टायरसाठी लागणारे एक महत्त्वाचे रबरही ऋणायनी पद्धतीने बनते. महाराष्ट्रातही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. स्वामिनाथन शिवराम यांच्या मार्गदर्शनाखाली मिथॅक्रिलेट वर्गातील पदार्थांवर या पद्धतीने संशोधन झाले.

श्वार्त्स १९६६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. सिरॅक्यूसमध्ये त्यांनी बहुवारिक संशोधन केंद्र उभारले आणि १९७९ मध्ये ते निवृत्त झाले. १९९१ मध्ये जपानचा प्रतिष्ठेचा क्योटो पुरस्कार त्यांना मिळाला. नोबेलने मात्र हुलकावणी दिली. ४ ऑगस्ट २००० रोजी कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे त्यांचे निधन झाले.

चार देशांत नव्याने संसार मांडणाऱ्या या शास्त्रज्ञाने नळीत साचलेला पापुद्रा फेकला नाही आणि दुसऱ्याच्या फसलेल्या प्रयोगाकडे पाठ फिरवली नाही. आपल्या विद्यापीठांतील प्रयोगशाळांत नको ते घडले म्हणून ओतून दिल्या जाणाऱ्या चंचुपात्राकडे विद्यार्थ्यांनी क्षणभर पुन्हा पाहिले, तरी श्वार्त्स यांचे स्मरण सार्थ ठरेल.