प्रजेच्या भाषेत शिकवणारा राजा : आल्फ्रेड



राजांच्या लढाया आपण पाठ करतो, पण त्यांनी अभ्यास कसा केला हे क्वचितच वाचतो. म्हणून या अंकात आम्ही इंग्लंडमधील वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याचा परिचय करून देत आहोत.

आल्फ्रेडचा जन्म सन ८४९ च्या सुमारास वाँटेज येथे झाला. त्या काळचे अँग्लो-सॅक्सन खेडे म्हणजे लाकडी घरे, गवताने शाकारलेली छपरे आणि घराच्या मधोमध पेटती चूल. पुरुष बैलांच्या नांगराने जमीन नांगरीत, बायका लोकर कातून उभ्या मागावर कापड विणीत, डुकरे ओकच्या रानात चरत. सगळे बोलत जुनी इंग्रजी, पुस्तके मात्र बहुतेक लॅटिनमध्ये. त्यामुळे विद्या मठांतच राहिली, आणि वायकिंगांनी मठ लुटल्यावर तीही दुर्मिळ झाली.

राजपुत्र असूनही आल्फ्रेडला बारा वर्षांचा होईपर्यंत वाचता येत नव्हते, असे त्याचा चरित्रकार ॲसर सांगतो. ८७१ साली तो राजा झाला. ८७८ च्या जानेवारीत वायकिंगांच्या अचानक हल्ल्यामुळे त्याला सॉमरसेटच्या दलदलीत आश्रय घ्यावा लागला. तेथे एका गरीब घरी चुलीवरची भाकरी त्याच्या दुर्लक्षाने करपली आणि घरधनिणीने त्याला फटकारले, अशी दंतकथा पुढे प्रचलित झाली. त्याच वर्षी एडिंग्टनच्या लढाईत त्याने शत्रूचा पराभव केला.

परंतु आम्हांस त्याचे खरे मोठेपण यानंतर दिसते. चाळिशीजवळ आल्यावर, ८८७ साली, तो लॅटिन वाचण्यास शिकला. विद्वानांना जवळ बोलावून त्याने महत्त्वाचे ग्रंथ प्रजेच्या भाषेत आणवले. ऐपत असलेल्या स्वतंत्र घरांतील मुलांनी आधी इंग्रजी वाचायला शिकावे, लॅटिन त्यानंतर, असा त्याचा आग्रह होता. न्यायनिवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही त्याने बजावले की वाचायला शिका, नाहीतर पद सोडा. ज्यांना उतारवयात ते जमेना, त्यांना मुलाने, नातलगाने किंवा घरच्या सेवकाने पुस्तक वाचून दाखवावे, अशी व्यवस्था झाली.

८९९ साली आल्फ्रेड निवर्तला. ज्या इंग्रजीसाठी आज आपण धडपडतो, तीही एकेकाळी खेड्यापाड्यांचीच बोली होती. राजाने तिला ग्रंथांत मानाचे स्थान दिले.

पालकांना आमची एकच विनंती आहे. मुलांनी इंग्रजी, हिंदी अवश्य शिकावी. पण रोज दहा मिनिटे आजी-आजोबांना एक मराठी पान वाचून दाखवावे.