खाशाबांचे १९५२ : सात हजारांचे कर्ज आणि एक कांस्यपदक

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील चिखली हे १९९७ मध्ये महापालिकेत आले. शेतांच्या जागी कारखाने, गोदामे आणि गृहसंकुले उभी राहिली. तरीही चिखली, मोशी, भोसरी या भागाचे कुस्तीवरील प्रेम आटले नाही. ग्रामदैवताचा उत्सव आला की आखाडा भरतो, हलगी घुमू लागते आणि पहिल्या पाळीची सुट्टी झालेला कामगारही फडाच्या कडेला येऊन बसतो. या कामगारांत सातारा, सांगली आणि कोल्हापूरकडून पोटासाठी आलेल्यांची संख्या मोठी. त्यांच्या गप्पांत जुन्या मल्लांची नावे निघाली, की एक नाव हमखास येते. ते नाव म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा हा मल्ल. त्या पदकाची कथा मात्र केवळ डावपेचांची नाही. ती एका कर्जाचीही कथा आहे आणि ते सारे घडले १९५२ या एका वर्षात.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरातच तालीम असल्याने मातीशी त्यांची ओळख लहानपणीच झाली. शाळकरी वयातच त्यांनी गावोगावच्या फडांत कुस्त्या मारण्यास प्रारंभ केला. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १९४२ च्या चळवळीने सातारा जिल्हा पेटला, तेव्हा सोळा वर्षांचे खाशाबाही त्यापासून दूर राहिले नाहीत. भूमिगतांना आसरा देणे, निरोप पोचविणे अशी कामे त्यांनी केली. शरीर कमावण्याचा ध्यास आणि देशाविषयीची ओढ या दोन्ही गोष्टी त्यांच्यात एकाच वेळी रुजल्या.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला उदार आश्रय दिला होता आणि खासबागेचे भव्य मैदान १९१२ पासून मल्लांची वाट पाहत असे. अशा नगरीत धिप्पाड पैलवानांची वाण नव्हती. खाशाबा मात्र बुटके आणि शिडशिडीत. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडा महोत्सवात त्यांनी कुस्तीसाठी नाव देऊ केले, तेव्हा त्यांच्या अंगकाठीकडे पाहून प्रथम नकारच मिळाला. अखेर ते थेट प्राचार्य खर्डीकर यांच्यापुढे उभे राहिले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्याहून थोराड मल्लांना एकामागून एक अस्मान दाखवले. एका विद्यार्थ्यावर एका शिक्षकाने ठेवलेला हा पहिला विश्वास. चार-पाच वर्षांनी याच विश्वासाची फार मोठी कसोटी लागणार होती.

बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली खाशाबांची कुस्ती घडत गेली. ताकदीची उणीव त्यांनी चपळाईने भरून काढली. प्रतिस्पर्ध्याला सावरण्यास अवधी न देता डावावर डाव टाकणे ही त्यांची रीत. ढाक हा तर त्यांचा हुकमी डाव. मान आणि दंड पकडीत घेऊन क्षणार्धात कमरेवरून समोरच्याला भिरकावून देण्याच्या त्यांच्या हातोटीमुळे भारी वजनाचे मल्लही त्यांना वचकून असत.

१९४८ मध्ये लंडन येथे ऑलिम्पिक स्पर्धा भरल्या. कोल्हापूर दरबाराच्या साहाय्याने खाशाबा तेथे पोचले आणि फ्लायवेट, म्हणजे ५२ किलो वजनगटात उतरले. तोपर्यंत त्यांची सारी कुस्ती तांबड्या मातीत झाली होती. तेल, ताक आणि हळद घालून मळलेल्या मातीत पाय रोवले जातात, पकड घट्ट बसते. गादीवर पावले वेगळी पडतात आणि तोलही वेगळा सांभाळावा लागतो. आपल्याकडे पाठ टेकवून चीत करणे हाच विजय, तर तेथे गुणांचा हिशेब. हे सारे नवे असताना अमेरिकेचे माजी विजेते मल्ल रीस गार्डनर यांच्याकडून त्यांना काही काळ शिकता आले. एवढ्या अल्प तयारीवर खाशाबांनी सहावा क्रमांक मिळविला. भारतात परतले ते पुढील चार वर्षांचा संकल्प करूनच. व्यायामाचे तास वाढले, गादीवरच्या कुस्तीचा अभ्यास सुरू झाला आणि वजनगट बदलून तो बँटमवेट, म्हणजे ५७ किलोचा झाला.

१९५२ उजाडले ते मात्र अडथळे घेऊनच. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाला, अशी खाशाबांची भावना झाली. तक्रार करून गप्प बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली. महाराज स्वतः खेळांचे जाणकार. निरंजन दास यांच्याशी त्यांची पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी ती निर्विवादपणे जिंकली. हेलसिंकीचे दार उघडले.

दार उघडले खरे. पण तेथवर जाण्यासाठी पैसा नव्हता. संस्थाने विलीन झाली होती आणि दरबारचा आश्रय संपला होता. नव्या राजवटीत खेळाडूंसाठी ठोस व्यवस्था अजून उभी राहिली नव्हती. सरकारदरबारी केलेल्या मागणीला वेळेवर पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. तेव्हा खाशाबांचे कुटुंबीय आणि स्नेही गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागले. कुणी रुपया दिला, कुणी पाच. दुकानदारांनी, शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी आपापला वाटा उचलला. तरीही रक्कम पुरेना. अशा वेळी प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ज्या काळात शिक्षकाचा पगार शे-दोनशेच्या घरात असे, त्या काळातील सात हजार म्हणजे केवढी रक्कम, याची कल्पना आज करणे कठीण आहे. विद्यार्थी हरून परतला असता, तर ते घर सुटले असते की नाही, हे कुणालाच सांगता आले नसते.

१९ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत ऑलिम्पिकला प्रारंभ झाला. कोल्हापूरचेच मल्ल केशव माणगावे हेही भारतीय संघात होते. त्यांना फेदरवेट गटात चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. पदक इतके जवळ येऊन हुकल्याची रुखरुख या संघाच्या वाट्याला आलीच.

त्या वेळची गुणपद्धती आजच्याहून निराळी होती. प्रतिस्पर्ध्याला चितपट केले तर खात्यावर काही जमा होत नसे. गुणांवर विजय मिळविला तर एक दंडगुण लागे आणि पराभवाला अधिक. पाच दंडगुण भरले की मल्ल स्पर्धेतून बाद. म्हणजे नुसते जिंकून भागत नसे, तर चितपट करून जिंकण्यातच खरी कमाई होती. मातीतल्या मल्लाला ही रीत मानवणारी होती. खाशाबांनी कॅनडाच्या आद्रियन पोलिक्विन यांना चितपट केले. मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तो यांचीही तीच गत झाली. जर्मनीच्या फर्डिनांड श्मित्झ यांच्याशी झालेली लढत चुरशीची ठरली आणि ती खाशाबांनी गुणांवर जिंकली.

अंतिम टप्प्यात त्यांच्यापुढे दोन तगडे प्रतिस्पर्धी उभे होते. एक जपानचे शोहाची इशी आणि दुसरे सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव. या दोन्ही लढतींत खाशाबांना हार पत्करावी लागली. दोन कुस्त्यांमध्ये नियमाने मिळावयाची विश्रांती त्यांना मिळाली नाही आणि त्याविरुद्ध आवाज उठविण्यास त्या वेळी कोणी भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे पुढे वारंवार सांगितले गेले. इशी यांनी सुवर्णपदक पटकावले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला मिळालेले ते पहिले ऑलिम्पिक सुवर्ण. मामेदबेकोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. दिवस होता २३ जुलै १९५२. दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने हॉलंडला नमवून सलग पाचवे सुवर्णपदक जिंकले आणि वृत्तपत्रांचे रकाने साहजिकच त्या विजयाने भरून गेले. कुस्तीतील कांस्यपदकाचे मोल तेव्हा देशाने पुरते ओळखले नाही.

सातारा-कोल्हापूरने मात्र ते ओळखले. खाशाबा परतले तेव्हा कराड स्थानकावर लोटलेला जनसमुदाय अभूतपूर्व होता. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, लेझीम, गुलाल आणि फटाके यांच्या गजरात ती गोळेश्वरकडे सरकू लागली. एरवी थोड्या वेळात संपणाऱ्या त्या वाटेला त्या दिवशी कित्येक तास लागले. वर्गणीत रुपया-दोन रुपये घातलेला प्रत्येक जण त्या गर्दीत होता. पदकात आपलाही वाटा आहे, हे त्याला ठाऊक होते.

गुलाल खाली बसला आणि खाशाबांना कर्जाची आठवण झाली. सत्कारांत रमून जाण्याऐवजी त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः त्यांत उतरले आणि मिळालेल्या उत्पन्नातून सर्वप्रथम प्राचार्यांचे घर सोडविले. ऑलिम्पिकवीराने परत आल्यावर केलेले हे पहिले मोठे काम. पदकाइतकेच मोल या कृतीलाही आहे. किंबहुना खाशाबांच्या आयुष्याचे सारे सार या एका गोष्टीत सामावले आहे, असे म्हणावे लागेल.

१९५५ मध्ये ते मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पोलिसांच्या क्रीडा स्पर्धांत त्यांनी नाव कमावले आणि अनेक तरुणांना तयार केले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिककडे त्यांची दृष्टी लागली होती. पण गुडघ्याच्या दुखापतीने ते स्वप्न भंगले. पोलिसी सेवेतही बढती त्यांच्याकडे धिम्या पावलांनीच आली. सुमारे २७ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तीच्या उंबरठ्यावर ते सहायक पोलीस आयुक्त झाले. निवृत्तीनंतर हक्काच्या निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये मशाल नेण्याचा मान त्यांना देण्यात आला, एवढाच काय तो हयातीतला मोठा गौरव. १४ ऑगस्ट १९८४ रोजी कराडजवळ झालेल्या रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ५८.

मरणानंतर सन्मानांची रीघ सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने शिवछत्रपती पुरस्कार दिला. २००० सालचा अर्जुन पुरस्कार मरणोत्तर जाहीर झाला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन राज्याचा क्रीडा दिन ठरला. तथापि गोळेश्वर येथे व्हावयाचे कुस्ती संकुल वर्षानुवर्षे रखडले आणि २०१७ मध्ये त्यासाठी पैसा उभा करण्याकरिता पदकाचाच लिलाव करण्याचा विचार कुटुंबीयांना बोलून दाखवावा लागला. ज्या पदकासाठी एका प्राचार्याने घर गहाण टाकले, ते पदकच ६५ वर्षांनंतर विकण्याची भाषा व्हावी, यातील विषण्णता वेगळी सांगण्याची गरज नाही.

खाशाबांनंतर भारताच्या वाट्याला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक येण्यास ४४ वर्षे लागली. १९९६ मध्ये अटलांटा येथे टेनिसपटू लिअँडर पेस यांनी ते मिळविले. कुस्तीत पुढचे पदक २००८ मध्ये सुशील कुमार यांनी आणले. महाराष्ट्राची प्रतीक्षा तर त्याहून दीर्घ. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक जिंकले, तेव्हा खाशाबांच्या पदकाला ७२ वर्षे झाली होती. कुसाळे यांना राज्य शासनाने तातडीने एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. सात हजारांच्या कर्जापासून एक कोटीच्या पारितोषिकापर्यंतचा हा प्रवास निश्चितच समाधानाचा आहे. तरीही पारितोषिक येते ते पदकानंतर. खेळाडूला खरी गरज असते ती पदकाच्या आधी, तिकिटाचे पैसे जुळत नसताना.

चिखलीच्या आखाड्यात आज कुस्ती लागते तेव्हा विजेत्याच्या हाती रोख इनाम पडते, मानाची गदा मिळते. त्याच आखाड्याच्या कडेला खुराकाचा महिन्याचा खर्च कसा भागवायचा, या विवंचनेत बसलेला एखादा शिडशिडीत पोरगाही असतो. त्याच्यासाठी कोणी प्राचार्य घर गहाण टाकील, या भरवशावर समाजाला राहता येणार नाही. खाशाबांनी आपले कर्ज वर्षभरातच फेडण्याची धडपड केली. त्यांचे जे ऋण महाराष्ट्रावर आहे, ते फेडण्याचा मार्ग पुतळ्यांतून आणि नामकरणांतून जात नाही. तो अशा मुलाच्या तालमीतून जातो.