केनेथ आयव्हरसन

संगणकास काम सांगण्याच्या ज्या अनेक भाषा आहेत, त्यांत ‘एपीएल’ ही एका निराळ्याच लिपीची भाषा आहे. तिचे जनक केनेथ आयव्हरसन यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं, आणि त्यांहूनहि त्यांच्या पालकांनीं वाचावें अशी आमची इच्छा आहे. कारण या गृहस्थांची शाळा नववीनंतर सुटली होती.

कॅनडांतील आल्बर्टा प्रांतांत कॅमरोज गांवाजवळ १७ डिसेंबर १९२० रोजीं एका शेतकरी कुटुंबांत केनेथचा जन्म झाला. शाळा एकाच खोलीची. पुढें मंदीचे दिवस आले, शेतांत माणूस हवें झालें, आणि मुलगा घरीं राहिला. शिवाय अधिक शिकून अखेर शाळामास्तरच व्हावयाचें, अशी त्याची समजूत होती! (आम्हां मास्तरमंडळींस यावर रागापेक्षां हसूंच येतें.) परंतु पुस्तक त्यानें सोडलें नाहीं. सतराव्या वर्षीं शिकागोच्या एका संस्थेकडून टपालानें तो रेडिओविद्या शिकला. कलनगणित तर पुस्तकावरून आपलें आपणच. महायुद्धांत हवाईदलांत असतांनाहि टपालानेंच त्याचा अभ्यास चालू राहिला. युद्धानंतर सरकारी साहाय्यानें तो क्वीन्स विद्यापीठांत गेला व पदवीधर झाला.

हार्वर्ड येथें १९५४ सालीं डॉक्टरेट मिळवून आयव्हरसन तेथेंच शिकवूं लागले, म्हणजे शेवटीं मास्तरच झाले. गणिताच्या रूढ चिन्हांना एक नियम नाहीं, हें त्यांना खटके. म्हणून त्यांनीं नवी चिन्हलिपि रचिली. तींत एकेका संख्येस नव्हे, तर संख्यांच्या सबंध रांगेस वा कोष्टकास एकदम आज्ञा देतां येते. बोदवडच्या बाजारांत आलेल्या कापसाच्या सर्व गाड्यांचीं वजनें एका ओळींत मांडलीं, तर त्यांच्या डावीकडे अधिक चिन्ह व एक तिरपी रेघ दिली कीं बेरीज तयार! येथें ‘कंचेभागुबेव’ चालत नाहीं. सर्व गणित उजवीकडून डावीकडे होतें. ३×२+४ याचें उत्तर आपल्या वर्गांत १०, त्यांच्या लिपींत १८.

हार्वर्डनें त्यांना कायम केलें नाहीं. १९६० सालीं ते आयबीएम कंपनींत गेले. १९६२ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला. तोंवर ही लिपि कागदावर व फळ्यावरच होती. अॅडिन फॉल्कॉफ प्रभृति सहकाऱ्यांसह त्यांनीं १९६६ सालीं ती यंत्रावर चालती केली. संगणक एका ठिकाणीं; पुष्कळ जण आपापल्या जागीं टंकयंत्रापुढें बसून, टेलिफोनच्या तारेनें, एकाच वेळीं त्याचा उपयोग करीत. विचित्र चिन्हांसाठीं टंकयंत्राचा अक्षरगोल मुद्दाम घडवावा लागला. टपालानें शिकलेल्या या मुलाची भाषा प्रथमपासूनच दुरून वापरली गेली, याचें आम्हांस कौतुक वाटतें. आज ‘डायलॉग’ कंपनीच्या ‘राइड’ नामक साधनानें विंडोज, मॅक वा लिनक्स यांपैकीं कोणत्याहि यंत्रावरून दूरच्या संगणकांतील एपीएल चालवितां येते, तें त्याच वाटेचें पुढील पाऊल होय.

१९७९ सालीं त्यांना ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. पुढें रॉजर हुई यांच्यासह त्यांनीं ‘जे’ ही भाषा निर्मिली; ती साध्या टंकपाटीवरील चिन्हांनींच लिहितां येते. ऑक्टोबर २००४ मध्यें टोरोंटो येथें, ‘जे’ भाषेचाच एक पाठ तयार करीत असतांना, त्यांना पक्षाघात झाला. त्या महिन्याच्या १९ तारखेस, ८३ व्या वर्षीं, ते निवर्तले.