डॉ. लाव्हराँ आणि रक्ताचा थेंब

ताप उतरत नसला की बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घेतात. आपल्या गोव्यात तरी हा प्रसंग ज्याने पाहिला नाही असे घर विरळाच. लहानपणी सुईच्या भीतीने मी डोळे घट्ट मिटून घेत असे. त्या थेंबात डॉक्टर काय शोधतात, हे विचारावेसे कधी वाटले नाही. हिवतापाचे कारण त्या थेंबातच शोधावे, हे जगाला दाखवून देणारा पुरुष एक फ्रेंच लष्करी डॉक्टर होता.

शार्ल लुई आल्फाँस लाव्हराँ यांचा जन्म १८ जून १८४५ रोजी पॅरिस येथे झाला. वडीलही लष्करी डॉक्टर. त्यांच्या नोकरीमुळे आल्फाँसच्या बालपणाची काही वर्षे आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील अल्जीरियात गेली. पुढे स्ट्रासबूर्ग येथे वैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून १८६७ मध्ये ते डॉक्टर झाले. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात जखमींची शुश्रूषा करीत असता मेट्झच्या वेढ्यात ते सापडले. १८७४ मध्ये व्हाल-द-ग्रास या लष्करी वैद्यक विद्यालयात त्यांना अध्यापकाचे पद मिळाले. ते पूर्वी त्यांच्या वडिलांनी भूषविले होते. मुदत संपताच, १८७८ मध्ये, त्यांची रवानगी पुन्हा अल्जीरियात झाली.

तेथील लष्करी रुग्णालये हिवतापाच्या सैनिकांनी भरलेली होती. दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने हा ताप येतो अशी जुनी समजूत होती. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा असा आहे. १८७९ मध्ये क्लेब्स आणि टोमासी-क्रुदेली या दोघा शास्त्रज्ञांनी रोमजवळच्या दलदलीतून एक जिवाणू वेगळा काढून तोच रोगाचे मूळ असल्याचे जाहीर केले होते, आणि विद्वानांना ते पटलेही होते. लाव्हराँ यांनी मात्र दलदलीकडे न पाहता रोग्याकडे पाहिले. हिवतापाने मेलेल्यांच्या प्लीहेत व मेंदूत काळे कण साठलेले आढळत. ही गोष्ट वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. हे कण येतात कोठून, या एका प्रश्नाचा त्यांनी पिच्छा पुरविला. उत्तर मृताच्या देहात मिळेना, म्हणून ते जिवंत रोग्याचे रक्त तपासू लागले.

६ नोव्हेंबर १८८० रोजी काँस्तांतीनच्या लष्करी रुग्णालयात एका आजारी सैनिकाच्या रक्ताचा थेंब त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. यंत्र साधेच, सुमारे ४०० पट मोठे दाखविणारे. रक्ताला कोणताही रंग दिलेला नव्हता. काळ्या कणांनी भरलेल्या एका गोल पिंडाच्या कडेला बारीक धाग्यांसारखे काही फुटले होते, आणि ते धागे इतक्या वेगाने वळवळत होते की शेजारच्या तांबड्या पेशी बाजूला ढकलल्या जात होत्या. पेशींचा निर्जीव चुरा असा वळवळणार नाही. हा एक सजीव, परोपजीवी प्राणी आहे, याविषयी त्यांच्या मनात शंका उरली नाही.

येथे एक नवलाची गोष्ट सांगितली पाहिजे. ते धागे माणसाच्या शरीरात फुटतच नाहीत. डासाने रक्त शोषले की त्याच्या पोटातील थंडाव्याने ते फुटतात. काचेवर घेतलेले रक्त थंडावले की तेथेही तसेच घडते. यास काही मिनिटे लागतात. त्या काळचे बहुतेक संशोधक रक्त लगेच वाळवून, रंगवून पाहत. वाळलेल्या रक्तात काय वळवळणार? लाव्हराँ ओल्या रक्तावर डोळा लावून बसले, म्हणून ते दृश्य त्यांना दिसले. मला तर त्यांच्या बुद्धीपेक्षा ही बैठकच अधिक मोलाची वाटते.

एका रोग्यावर ते विसंबले नाहीत. १९२ रोग्यांचे रक्त त्यांनी तपासले. १४८ जणांत हे जंतू सापडले. क्विनीन, म्हणजे आपल्या आजोबांच्या काळचे कोयनेल, दिले की ते रक्तातून नाहीसे होतात, हेही त्यांनी पाहिले. तरी लोकांचा विश्वास बसेना. १८८२ मध्ये रोमला जाऊन त्यांनी तेथील रोग्यांतही तेच जंतू शोधून काढले. इटालियन पंडित तरीही साशंकच राहिले. १८८४ च्या सुमारास मात्र वारे फिरले. खुद्द पाश्चर यांनी ते जंतू डोळ्यांनी पाहिले, आणि इटलीतील विरोधकही ताजे रक्त तपासू लागले. आपल्या देशात रोनाल्ड रॉस यांनाही प्रथम हे जंतू सापडले नव्हते व त्यांनी लाव्हराँ यांच्यावर अविश्वास दाखविला होता. १८९४ मध्ये लंडनला मॅन्सन यांनी ते दाखविले तेव्हा रॉस यांची खात्री पटली. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना जी खूण सापडली, ती याच काळ्या कणांची.

पुढे १८९१ मध्ये रोमानोव्हस्की यांनी आणि १९०४ मध्ये गिम्झा यांनी रंगद्रव्यांची रीत बसविली. निळसर पेशीद्रव्य आणि तांबडे केंद्र उठून दिसू लागल्यावर हिवतापाच्या निरनिराळ्या जाती ओळखता येऊ लागल्या. रक्ताचा जाड थर जंतू आहेत की नाहीत हे सांगतो, पातळ थर ते कोणत्या जातीचे हे सांगतो. आता थोड्या मिनिटांत निदान करणाऱ्या पट्ट्याही निघाल्या आहेत. पण जंतूंची मोजदाद करावयाची तर अद्याप काचपट्टीच लागते.

लष्कराने या संशोधकाची कदर केली असे म्हणवत नाही. त्यांना प्रयोगशाळेपासून दूर, कारभाराच्या कामावर नेमले गेले. अखेर १८९६ मध्ये नोकरी सोडून ते पाश्चर संस्थेत आले. १९०३ मध्ये मद्रासहून डोनोव्हन यांनी काळा आजाराच्या जंतूंच्या काचपट्ट्या धाडल्या, त्या तपासण्यासाठी लाव्हराँ यांच्याकडेच. १९०७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यातील अर्धी रक्कम त्यांनी उष्ण प्रदेशांतील रोगांच्या प्रयोगशाळेसाठी त्याच संस्थेला देऊन टाकली. तेथेच काम करीत त्यांनी उरलेले आयुष्य घालविले. १८ मे १९२२ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.