डोक्यात वजन बसलं ते आयुष्यभर दुखलं, तरी हॅरिएट टबमनने ७० जणांना गुलामीतून बाहेर काढलं

गोष्ट आहे साधारण १८३५ च्या आसपासची. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातलं बकटाउन. तिथल्या दुकानाच्या दारात बारा-तेरा वर्षांची एक मुलगी उभी होती. अरामिंटा रॉस. घरचे तिला मिंटी म्हणायचे. जन्मानेच गुलाम.

झालं असं की दुसरा एक गुलाम काम सोडून तिथे आला होता आणि त्याच्या मागावर मुकादम. मुकादमाने मिंटीला सांगितलं, याला बांधायला हात लाव. ती जागची हलली नाही. तो पळाला. मुकादमाने काउंटरवरचं तागडीचं वजन उचलून त्याच्यावर भिरकावलं. नेम चुकला आणि दोन पौंडांचं, म्हणजे जवळपास किलोभराचं ते वजन मिंटीच्या डोक्यात बसलं.

हीच मिंटी पुढे हॅरिएट टबमन म्हणून जगाला माहीत झाली.

कवटी फुटली होती. पण गुलामाच्या पोरीला डॉक्टर कोण बोलावणार? मालकाच्या घरी नेऊन तिला मागाच्या बाकड्यावर टाकलं. दोन दिवस ती तशीच पडून होती. त्यानंतर थेट शेतात कामाला, तेही डोक्यातून रक्त गळत असताना. कधी फणी न लागलेल्या दाट केसांमुळे आपण वाचलो असावं, असं ती म्हातारपणी सांगायची.

जीव वाचला, पण त्रास कायमचा मागे लागला. डोकं भयंकर दुखायचं. बोलता बोलता, काम करता करता अचानक गाढ झोप लागायची आणि कितीही हलवलं तरी जाग यायची नाही. थोड्या वेळाने डोळे उघडायचे आणि अर्धवट राहिलेलं वाक्य ती तिथूनच पुढे चालू करायची. विचित्र स्वप्नं पडायची, दृश्यं दिसायची. तिच्या लेखी तो देवाचा निरोप होता. आजचे काही अभ्यासक याला टेम्पोरल लोब एपिलेप्सी म्हणतात, म्हणजे कानशिलाजवळच्या मेंदूच्या भागातून येणारी फिट. अर्थात तेव्हा तपासणी झालेलीच नाही, त्यामुळे हा अंदाजच.

मालकाने तिला विकायला काढलं. पण असलं आजारी माणूस कुणी विकत घेईना. तिच्या तीन बहिणी मात्र दक्षिणेत विकल्या गेल्या होत्या.

१८४९ मध्ये ती पळाली आणि फिलाडेल्फियाला पोहोचली. तिथेच थांबली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. पण पुढच्या दहा-अकरा वर्षांत ती साधारण १३ वेळा मेरीलँडला परत गेली आणि ७० च्या आसपास माणसं सोडवून आणली. (सोशल मीडियावर ३०० चा आकडा फिरतो, तो तिच्या जुन्या चरित्राने फुगवलेला आहे.) ती शक्यतो हिवाळ्यात जायची, कारण रात्री मोठ्या. निघायचं शनिवारी, म्हणजे पळालेल्यांची जाहिरात सोमवारपर्यंत छापून येणार नाही.

आता विचार करा. अंधार, दलदल, मागे कुत्री. बरोबर घाबरलेली माणसं, कधी लहान पोरं. आणि वाट माहीत असलेली एकटी बाई मध्येच झोपून जाते. ती उठेपर्यंत सगळ्यांनी झाडीत श्वास रोखून बसायचं. दुसरा इलाजच नव्हता. तरीही तिच्याबरोबर निघालेला एकही माणूस पकडला गेला नाही.

यादवी युद्धात तिने नर्सचं काम केलं, हेरगिरी केली. १८६३ च्या कंबाही नदीवरच्या मोहिमेत ७०० हून जास्त गुलाम सुटले, त्यात तिचा मोठा वाटा होता. डोकेदुखी सोबत होतीच.

सत्तरी ओलांडल्यावर ती इतकी वाढली की डोक्यातल्या घोंघावण्याने रात्र रात्र झोप लागेना. १८९० च्या दशकाच्या शेवटी तिने बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जाऊन डोकं उघडायला लावलं. तिच्याच सांगण्यानुसार भूल घेतली नाही. युद्धात पाय कापताना सैनिक करायचे तसं दातांत बंदुकीची गोळी धरली. झाल्यावर उठली, टोपी घातली आणि घरी चालत निघाली. पाय लटपटले तेव्हा कुठे अँब्युलन्स बोलावली.

त्यानंतर थोडा आराम पडला म्हणायची. १० मार्च १९१३ ला न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नमध्ये न्यूमोनियाने ती गेली. दुकानातल्या त्या दिवसाला तेव्हा पाऊणशे वर्षं उलटून गेली होती.