हिरव्या लॅम्पशेडचा सूर

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, या प्रश्नात महिनोन्‌महिने अडकलेल्या प्रत्येक होतकरू साउंड डिझायनरनं डेलिया डर्बिशरला एकदा तरी भेटायला हवं.

साउंड डिझाइनचं वेड लागलेला एक तरी मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेलच. (किंवा तो तुम्हीच असाल!) त्याच्या लॅपटॉपवर दोन-तीन सॅम्पलर असतात, चार सिंथ असतात, हार्ड डिस्क सॅम्पल पॅक्सनी ओसंडून वाहत असते. आणि तरी त्याचा प्रश्न सुटलेला नसतो. कॉन्टॅक्ट घेऊ की ऑम्निस्फिअर? सॅम्पलर बरा, की सॅम्पल आणि सिंथ दोन्ही पोटात घेतलेलं हायब्रिड टूल? रात्री दोनपर्यंत रिव्ह्यूचे व्हिडिओ बघून होतात. ट्रॅक मात्र पहिल्या आठ बारच्या पुढे सरकत नाही.

आज ज्या बाईंची गोष्ट सांगायची आहे, त्यांच्याकडे निवडायला जवळजवळ काहीच नव्हतं. टेपरेकॉर्डर, दाढीचं ब्लेड, चिकटपट्टी आणि बारा ऑसिलेटर. आणि एक जुनाट, हिरवी लॅम्पशेड. त्या लॅम्पशेडवर येऊच, पण आधी थोडं मागे जाऊ.

डेलियाचा जन्म 5 मे 1937चा, इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री शहरातला. वडील पत्र्याचं काम करणारे कारागीर. ती तीन वर्षांची असताना, नोव्हेंबर 1940मध्ये, जर्मन विमानांनी एका रात्रीत या शहराची राखरांगोळी केली. हल्ला येतोय हे सांगणारा भोंगा आणि धोका टळला हे सांगणारा भोंगा, हे तिच्या कानात घर करून बसलेले अगदी पहिले आवाज. कुठल्याही वाद्यातून न निघणारा, खालून वर चढत जाणारा, ना सा ना रे असा आवाज. इलेक्ट्रॉनिक संगीताचं आपलं बी तिथे पडलं, असं ती पुढे सांगायची. बॉम्बहल्ल्यानंतर तिला प्रेस्टनला हलवलं. तिथे सकाळी गिरणीकामगार लाकडी तळव्यांचे बूट घालून दगडी रस्त्यावरून कामाला जायचे. तो खडखडाटही तिनं असाच जपून ठेवला. आपण मुलांचे पहिले शब्द लक्षात ठेवतो, या मुलीनं आपले पहिले आवाज लक्षात ठेवले होते.

घरची परिस्थिती बेताची, पण मुलगी भयंकर हुशार. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणितासाठी प्रवेश मिळाला. वर्षभरानं ती संगीताकडे वळली आणि 1959मध्ये गणित आणि संगीत अशी जोड-पदवी घेऊन बाहेर पडली. आता पुढे काय? विद्यापीठाच्या करिअर मार्गदर्शनवाल्यांना तिनं सांगितलं, मला आवाज, संगीत, ध्वनिशास्त्र यात रस आहे. त्यांनी सुचवलं, मग बहिऱ्यांची श्रवणयंत्रं बनवण्याचं काम बघ, नाहीतर समुद्राची खोली मोजण्याचं. मग ती डेक्का या बड्या रेकॉर्ड कंपनीकडे गेली. तिथे सरळ उत्तर मिळालं, आम्ही रेकॉर्डिंग स्टुडिओत बायका ठेवत नाही. विषय संपला.

काही दिवस जिनिव्हात मुलांना शिकव, काही दिवस लंडनच्या संगीत प्रकाशकाकडे नोकरी कर, असं करत 1960च्या अखेरीस ती बीबीसीत शिकाऊ सहायक स्टुडिओ मॅनेजर म्हणून लागली. तिथे तिला रेडिओफोनिक वर्कशॉपचा पत्ता लागला. रेडिओ आणि टीव्हीच्या कार्यक्रमांसाठी विचित्र आवाज तयार करणारा हा विभाग 1958मध्ये सुरू झाला होता. लंडनच्या मेडा व्हेल भागातल्या स्टुडिओत त्याच्या खोल्या होत्या. बाकीच्यांना हा विभाग म्हणजे आडबाजूची बदली वाटायची. डेलियानं ती मागून घेतली. 1962मध्ये ती तिथे रुजू झाली.

आता जरा तांत्रिक. सॅम्पलर म्हणजे काय, तर आधी रेकॉर्ड केलेला आवाज वेगवेगळ्या सुरांत वाजवून देणारं यंत्र. सिंथ म्हणजे मुळात नसलेला आवाज विजेतून किंवा आकड्यांतून घडवणारं यंत्र. आणि हायब्रिड म्हणजे दोघांचा संसार एका छताखाली. डेलिया रुजू झाली तेव्हा यातलं एकही यंत्र त्या वर्कशॉपमध्ये नव्हतं. तिन्ही कामं मात्र होत होती, हातानं.

1963मध्ये बीबीसीनं एक नवी मालिका काढायचं ठरवलं, ‘डॉक्टर हू’. शीर्षकसंगीताची चाल रॉन ग्रेनर या संगीतकारानं लिहून दिली. लिहून दिली म्हणजे, जेमतेम एका कागदावर सूर मांडले आणि कडेला वारा, ढग अशा धर्तीच्या सूचना खरडल्या. त्याचा प्रत्यक्ष आवाज काढायचं काम डेलियाकडे आलं. सोबतीला सहायक डिक मिल्स.

त्या चालीतला तो दुडक्या चालीचा बास आठवतोय? (नसेल ऐकला, तर वाचन थांबवून आधी ऐकाच. 1963चीच आवृत्ती हवी, नंतरची नको.) तो बास म्हणजे छेडलेल्या एका तारेचा आवाज. एकच ‘टुंग’ टेपवर घेतला. टेप जोरात पळवली की सूर चढतो, सावकाश फिरवली की उतरतो. वेग निम्मा केला की सूर बरोबर एक सप्तक खाली येतो. अशा रीतीनं एकाच ‘टुंग’चे हवे ते सूर काढले. मग प्रत्येक सुराचा तुकडा पट्टीनं मोजून कापायचा. टेप सेकंदाला 15 इंच धावत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा सूर म्हणजे साडेसात इंच. ब्लेडनं काप, चिकटपट्टीनं पुढच्या सुराला जोड. पुन्हा काप, पुन्हा जोड. पूर्ण चाल होईपर्यंत. हे झालं सॅम्पलिंग. वरची ती हेलकावत जाणारी मुख्य धून मात्र ऑसिलेटरमधून काढलेली, आणि मागचा फुस्स आवाज म्हणजे गाळून घेतलेला नुसता खरखराट. ही झाली सिंथेसिस. म्हणजे ती धून नखशिखान्त हायब्रिड आहे, हा शब्द या अर्थानं कुणी वापरायच्या कितीतरी आधी.

बरं, मल्टिट्रॅक रेकॉर्डर नाही. बास एका टेपवर, धून दुसऱ्या, खरखर तिसऱ्या. सगळी यंत्रं एकाच क्षणी सुरू करायची आणि नशिबावर हवाला ठेवायचा. एकदा कुठेतरी काहीतरी चुकत होतं, एक सूर नको तिथे पडत होता, पण नेमका कुठे ते कानाला सापडेना. तेव्हा या मंडळींनी काय केलं? मेडा व्हेलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये सगळ्या टेपा शेजारी शेजारी अंथरल्या आणि चालत चालत जोड ताडून पाहिले. जिथे एका टेपचा जोड शेजारणीच्या जोडाशी जुळेना, तिथे चूक! आज आपण स्क्रीनवर झूम करून जे करतो, ते त्यांनी जमिनीवर अंथरून केलं.

तयार झालेली धून ऐकून ग्रेनर चाटच पडला. हे खरंच मी लिहिलंय का, असं त्यानं विचारलं. बरंचसं, असं डेलियाचं उत्तर होतं. श्रेयात तिचाही वाटा असावा म्हणून त्यानं प्रयत्न केले. पण वर्कशॉपच्या माणसांची नावं द्यायची नाहीत, असा बीबीसीचा शिरस्ता. 23 नोव्हेंबर 1963ला मालिकेचा पहिला भाग लागला, पडद्यावर नाव आलं ते ग्रेनरचं आणि रेडिओफोनिक वर्कशॉपचं. डेलियाला मिळाला तो ठरलेला पगार. रॉयल्टी शून्य.

आता लॅम्पशेड. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सहारातल्या तुआरेग लोकांवरच्या एका माहितीपटाचं संगीत तिच्याकडे आलं. उन्हात थरथरणारं वाळवंट, दूरवर चाललेले उंट. आजचा कुणी असता तर फोल्डर उघडून ‘डेझर्ट’ असं सर्च केलं असतं. डेलियाची एक आवडती वस्तू होती, बीबीसीची ती पत्र्याची हिरवी लॅम्पशेड, टवके उडालेली. ती वाजवली की सुंदर घुमायची. (पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराची मुलगी. योगायोग असेलही, पण मला तो सोडवत नाही.) तिनं लॅम्पशेडवर टोला मारला, रेकॉर्ड केला आणि त्यातला सुरुवातीचा ‘टण्ण’ काढूनच टाकला. उरला तो मागे रेंगाळणारा नाद. हा ठोका गेला की कान गोंधळतो. आवाज पत्र्याचा आहे हे आपल्याला त्या पहिल्या क्षणावरूनच कळतं ना.

पण तेवढ्यावर ती थांबली नाही. त्या नादात कोणकोणत्या कंप्रता मिसळल्या आहेत, याचं तिनं विश्लेषण केलं. त्यातल्या सगळ्यात ठळक बारा निवडल्या. आणि वर्कशॉपमधल्या बारा ऑसिलेटरांवर एकेक लावून तो नाद पुन्हा नव्यानं उभा केला. आता तो लॅम्पशेडचा होताही आणि नव्हताही. त्यातली प्रत्येक कंप्रता तिच्या हाताखाली होती, हवी ती वर-खाली करता येत होती. उंटांच्या टापांसाठी तिनं स्वतःचाच आवाज रेकॉर्ड करून त्याचे तुकडे वापरले. ‘ब्लू व्हेल्स अँड गोल्डन सँड्स’ या नावानं ही रचना आजही ऐकायला मिळते. आज लॉजिक प्रोमधल्या अल्केमीत एखादं सॅम्पल ओढून टाकलं आणि ॲडिटिव्ह पर्याय निवडला, तर सॉफ्टवेअर क्षणार्धात हेच करतं. विश्लेषण, मग पुनर्बांधणी.

गंमत बघा. 1987मध्ये रोलँडचा डी-50 हा गाजलेला सिंथ आला, तो नेमकं याच्या उलट करायचा. खऱ्या वाद्याचा फक्त पहिला ठोका सॅम्पल म्हणून घ्यायचा आणि पुढचा नाद सिंथनं घडवायचा. स्मृती महाग होती, म्हणून काढलेली ही पळवाट. पण दोन्हीकडे कळीचा प्रश्न एकच आहे. आवाजाचा कुठला भाग खरा ठेवायचा आणि कुठला घडवायचा? माझ्या मते टूल निवडतानाही हाच प्रश्न आधी विचारायला हवा. ठोका हवाय, खऱ्या वस्तूचा खरखरीतपणा हवाय, तर साधा सॅम्पलर पुष्कळ झाला. आवाजाच्या पोटात शिरून एकेक कंप्रता हलवायची आहे, तर ॲडिटिव्ह किंवा हायब्रिड टूलला पर्याय नाही. आणि नेमकं काय हवंय तेच ठाऊक नसेल, तर पंधरा हजार प्रीसेट घेऊनही उपयोग शून्य.

नोकरी सांभाळून तिनं बाहेरही खूप काही केलं. 1966मध्ये सहकारी ब्रायन हॉजसन आणि पीटर झिनोव्हिएफ यांच्यासोबत ‘युनिट डेल्टा प्लस’ हा गट काढला. तो फार टिकला नाही. 1969मध्ये डेव्हिड व्होरहाउस आणि हॉजसनबरोबर ‘व्हाइट नॉइज’ या नावानं ‘ॲन इलेक्ट्रिक स्टॉर्म’ हा अल्बम केला.

त्याच झिनोव्हिएफच्या कंपनीनं 1969मध्ये व्हीसीएस-3 हा छोटेखानी सिंथ बाजारात आणला. पाठोपाठ त्यांचा कपाटाएवढा थोरला सिंथ वर्कशॉपमध्ये दाखल झाला. स्टुडिओ डेलावेअर रोडवर, म्हणून त्याचं नावच पडलं डेलावेअर. आता ब्लेड नको, पट्टी नको. खुंट्या फिरवा, आवाज काढा. काम झटपट होऊ लागलं, त्यामुळे मागणीही झटपट येऊ लागली. डेलियाचं मन त्या यंत्रात रमलं नाही. या सिंथवर ‘डॉक्टर हू’ची धून नव्यानं करून पाहिली, तीही कुणाला रुचली नाही आणि बाजूला पडली. जुनी, ब्लेडनं कापलेली धूनच 1980पर्यंत मालिकेच्या शीर्षकावर राहिली.

इथे तुम्ही म्हणाल, म्हणजे नवं तंत्र वाईट? छे! वर्कशॉपमधल्याच इतरांनी त्याच सिंथवर झकास काम केलं, आणि पिंक फ्लॉइडनं व्हीसीएस-3चं काय सोनं केलं हे तर जगजाहीर आहे. डेलियाची अडचण वेगळी होती. तिला आवाज आतून, त्याच्या गणितासकट घडवायचा असे आणि त्यासाठी वेळ हवा असे. यंत्रानं वाचवलेला वेळ तिच्या वाट्याला आलाच नाही, तो कामाच्या वेळापत्रकानं गिळला. आपल्याकडच्या एडिटिंग स्टुडिओत इंटर्नशिप केलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

1973मध्ये तिनं बीबीसी सोडली. थोडे दिवस हॉजसनच्या स्टुडिओत काढले, मग संगीतच सोडलं. उत्तरेकडे कम्ब्रियात गॅसची पाइपलाइन टाकणाऱ्यांकडे ती रेडिओ ऑपरेटर झाली. ज्या बाईची धून दर आठवड्याला लाखो घरांत वाजत होती, ती बाई माळरानावर बसून पाइपलाइनवाल्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवत होती. पुढे आर्ट गॅलरीत काम केलं, पुस्तकांच्या दुकानात केलं. दारूनं तब्येत पोखरली. नव्वदच्या दशकात तरुण इलेक्ट्रॉनिक संगीतकार तिला शोधत आले, तेव्हा ती पुन्हा थोडी कामाला लागली होती. पण 3 जुलै 2001ला, वयाच्या 64व्या वर्षी ती गेली.

नंतर तिच्या माळ्यावर 267 टेपा सापडल्या, नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यांत भरून ठेवलेल्या. त्या आता मँचेस्टर विद्यापीठाच्या ताब्यात आहेत. त्यांतला साठच्या दशकाच्या शेवटचा एक छोटा तुकडा 2008मध्ये लोकांसमोर आला, तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटलं की हा तर नव्वदच्या दशकातल्या क्लबमधला टेक्नो ट्रॅक.

आणि ते नाव? ‘डॉक्टर हू’च्या पन्नाशीचा खास भाग नोव्हेंबर 2013मध्ये दाखवला गेला. त्याच्या श्रेयनामावलीत, मालिकेच्या इतिहासात पहिल्यांदा, ग्रेनरबरोबर डेलिया डर्बिशर हे नाव आलं. धून वाजायला लागून 50 वर्षं झाली होती, तिला जाऊन 12.