पुलफ्रिश आणि उशिरा पाहणारा डोळा

रस्ता ओलांडताना गाडी किती लांब आहे याचा अंदाज चुकतो? मग कार्ल पुलफ्रिश यांची ओळख करून घ्या. १८५८ मध्ये जन्मलेले हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ येना शहरात झाइस कंपनीत दोन डोळ्यांनी अंतर मोजणारी उपकरणे बनवत. पुढे त्यांचा एक डोळा निकामी झाला.

१९२२ मध्ये त्यांनी एक विलक्षण भास जगापुढे मांडला. तुम्हीही करून पाहा. दोरीला वजन बांधून समोर डावी-उजवीकडे झुलवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून एकासमोर गॉगलची काच धरा. वजन गोल फिरल्यासारखे दिसेल! कमी उजेड मिळालेल्या डोळ्याचा संदेश मेंदूकडे किंचित उशिरा पोहोचतो आणि मेंदू तो उशीर अंतर म्हणून वाचतो. हे स्पष्टीकरण त्यांचे सहकारी फेर्च यांचे. पुलफ्रिशना स्वतःला मात्र हा भास दिसणे शक्यच नव्हते. १९२७ मध्ये बाल्टिक समुद्रात होडी उलटून ते गेले.

डोळ्याच्या नसेला सूज आलेल्या काही रुग्णांना हाच भास काचेशिवाय होतो, कधी नजर सुधारल्यावरही. चांगल्या डोळ्यासमोर रंगीत काच दिल्यास अनेकदा फरक पडतो. तक्रार क्षुल्लक समजू नका, नेत्रतज्ज्ञांना सांगा.